काजळी कोणाची?

आमच्या धर्मग्रामाच्या वाड्या दूरदूर विखुरलेल्या आहेत. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणे, रात्री-अपरात्री रुग्णाभ्यंगासाठी जाणे, या कामांसाठी हाताशी एखादे वाहन असावे म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी येझदी मोटारसायकल विकत घेतली. मैसूरच्या कारखान्यातील या गाडीचे उत्पादन १९९६ साली थांबले. त्यामुळे ती दोन-तीन हातांतून फिरून आमच्यापर्यंत आली होती. रंग बरा होता, चाके चांगली होती, आणि किंमत धर्मगुरूच्या खिशाला परवडण्यासारखी होती. एवढे पाहून आम्ही व्यवहार केला.

पहिले काही आठवडे सुखाने गेले. पुढे मात्र उड्डाणपुलाच्या चढावर गाडी दम टाकू लागली. मूठ कितीही पिळली तरी वेग येईना. आवाज घोगरा झाला, पेट्रोल अधिक लागू लागले आणि सायलेन्सरच्या टोकातून काळे, तेलकट थेंब गळू लागले. एकदा एका मरणासन्न वृद्धाकडे जाताना तिने आम्हाला वाटेतच सोडले. उरलेले अंतर आम्ही धावत कापले. वेळेवर पोहोचलो, हे देवाचे उपकार. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या मेस्त्रीकडे गाडी ढकलत नेली, तेव्हा मोठ्या खर्चाची आम्ही मनोमन तयारी केली होती. मेस्त्रीने गाडी सुरू केली, सायलेन्सरच्या तोंडाशी हाताचा तळवा धरला आणि म्हणाला, ‘‘फादर, इंजिन ठणठणीत आहे. त्याला श्वास सोडता येत नाही, एवढेच.’’

त्यानंतरचा एक दिवस आम्ही त्याच्या शेजारी स्टुलावर बसून काढला. त्या दिवशी जे पाहिले आणि ऐकले, त्यामुळे आमच्या हातून घडलेली एक चूक आमच्या ध्यानात आली. ती वाचकांपुढे मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम काजळीविषयी. जुन्या टूस्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. पिस्टनला, बेअरिंगला वंगण मिळते ते या तेलातूनच. पेट्रोल जळते तसे हे तेल पुरते जळत नाही. अर्धवट जळालेले तेल धुराबरोबर बाहेर निघते आणि वाटेत थंड पडले की नळीच्या आतल्या बाजूला चिकटून बसते. पुढच्या धुराच्या उष्णतेने ते भाजते, वाळते आणि दगडासारखे कठीण होते. त्यावर दुसरा थर बसतो, त्यावर तिसरा. तेल प्रमाणाबाहेर घातले, चोक ओढून गाडी चालवली, इंजिन तापण्याआधीच थांबेल अशा लहान लहान फेऱ्या मारल्या की काजळी लवकर साचते. वाट अरुंद झाली म्हणजे जळालेला धूर पुरता बाहेर पडत नाही. तो सिलिंडरमध्ये रेंगाळतो, आणि तितकी ताज्या इंधनाला आत जागा कमी मिळते. जोर कमी पडला म्हणून चालवणारा मूठ अधिक पिळतो. त्यामुळे पेट्रोल अधिक जाते, त्याबरोबर तेल अधिक जाते, आणि अधिक काजळी धरते. दोष स्वतःच स्वतःला पोसत राहतो.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही घाण बाहेरून आलेली नसते. रस्त्यावरची धूळ आत जाऊन ती झालेली नसते. ज्या तेलाने इंजिन जगते, त्याच तेलाचा हा उरलेला गाळ असतो. कोणी गाडी वाईट हेतूने चालवली म्हणून काजळी धरली, असेही नाही. गाडी चालली म्हणून ती धरली आणि कोणी वेळेवर काढली नाही म्हणून ती साचली.

मेस्त्रीने गाडी थंड होऊ दिली. सिलिंडरजवळचा चाकीसारखा मोठा नट आकडी पान्याने सैल केला आणि दोन्ही सायलेन्सर उतरवले. या गाडीला सिलिंडर एक, पण धुराच्या नळ्या दोन. उजवी नळी जवळजवळ बुजलेली होती आणि इतके दिवस साऱ्या धुराचा भार डावी वाहत होती. मागच्या टोकाकडून त्याने आतली भोकाभोकांची नळी, जिला बॅफल म्हणतात, ती ओढून काढली. तिची भोके दिसतच नव्हती. ती त्याने मोकळ्या अंगणात लाकडांच्या आगीत ठेवली. लाल होईपर्यंत तापली, तशी काजळी स्वतःच पेटली आणि राख होऊन गळू लागली. मग हलके ठोके आणि तारेचा ब्रश. बाहेरच्या चकचकीत नळीला मात्र त्याने आग दाखवली नाही. आगीने तिचा मुलामा निळा पडतो. तिचे एक तोंड लाकडी बुचाने बंद करून त्याने आत कॉस्टिक सोड्याचे पाणी भरले आणि रात्रभर तसेच ठेवले. ते करताना हातांत जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. सोडा थोडा थोडा पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी कधी ओतायचे नाही, हे त्याने आपल्या शिकाऊ पोराला दोनदा बजावले. सिलिंडरचे हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे; त्यांना या पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो. तेथे त्याने बांबूची चपटी काडी वापरली. पिस्टनने दार झाकलेले राहील अशा बेताने इंजिन फिरवून ठेवले, म्हणजे खरवडलेले कण आत पडत नाहीत. सकाळी नळीतून डांबरासारखे पाणी निघाले. ते त्याने जुन्या डब्यात भरून ठेवले. गटारात ओतले असते तर ते थेट शेजारच्या बावखलात गेले असते.

काम चालू असताना आम्ही सहज म्हणालो, ‘‘एवढी काजळी आम्ही कधी केली? आमच्याकडे येऊन गाडीला चार महिनेसुद्धा झाले नाहीत.’’

मेस्त्री हसला. म्हणाला, ‘‘ही तुमची नव्हेच, फादर. ही वर्षांची आहे. ज्याची होती त्याने तेल सढळ हाताने ओतलेले दिसते, आणि गाडी बाजारापासून घरापर्यंतच नेलेली दिसते.’’ मग ब्रश खाली न ठेवताच त्याने विचारले, ‘‘काजळी तुमची नाही. पण गाडी तुमची आहे ना?’’

त्याने हे काही उपदेश म्हणून म्हटले नव्हते. मजुरी कोण देणार, एवढाच त्याचा रोख असावा. पण आम्हाला त्या प्रश्नाने गप्प केले. कारण साधारण दोन महिन्यांपूर्वी आमच्या बंगल्याच्या ओट्यावर एक तरुण नेमका हाच प्रश्न घेऊन आला होता आणि आम्ही त्याला दिलेले उत्तर अर्धवट होते.

ती हकीकत सांगण्यापूर्वी हे स्पष्ट करतो, की ती प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेली नाही. ती सांगण्यास त्या तरुणाची संमती आहे, आणि कोणाची ओळख पटू नये इतके तपशील आम्ही बदलले आहेत. त्याच्या आजोबांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आपल्या वाडीचे कुंपण चार हात पुढे सरकवले होते. त्या चार हातांत शेजारच्या घराची विहिरीकडे जायची वाट गेली. त्या घरी करता पुरुष नव्हता, भांडायला कोणी उभे राहिले नाही. आजोबा वारले, वडील वारले. वाट केव्हा होती हेही गाव विसरले. शेजारची वृद्ध विधवा मात्र अजूनही आपल्या मोगऱ्याच्या चार रोपांसाठी लांबचा वळसा घेऊन पाणी आणीत असे. या तरुणाला आजोबांच्या पेटीत मोजणीचा जुना नकाशा सापडला, आणि सारा प्रकार त्याच्या डोळ्यांपुढे आला.

‘‘फादर, कुंपण मी घातले नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. वकिलांना विचारले. ते म्हणतात, बारा वर्षे कधीच उलटून गेली, कायद्याने आता कोणी काही करू शकत नाही. पण मावशी समोरून कळशी घेऊन जाते तेव्हा मला मान वर करवत नाही. मी काय करू?’’

आम्ही त्याला म्हणालो, ‘‘बाळा, पाप ज्याचे त्याचे. आजोबांचा अपराध तुझ्या माथी नाही. मनाला लावून घेऊ नकोस.’’

हे बोलताना आमच्या मनात काय होते, तेही सांगितले पाहिजे. धर्मग्रामाचा सण तोंडावर आला होता. दोन्ही घरची माणसे त्याच्या तयारीत होती. जुने प्रकरण उकरले तर तंटा होईल, पंच बसतील, आमच्याकडे खेपा सुरू होतील, ही भीती आम्हाला वाटली. शांती राखण्याच्या नावाखाली आम्ही आपली सोय पाहिली. तो तरुण ‘‘बरे, फादर’’ म्हणून गेला. पण जाताना त्याचा चेहरा हलका झालेला नव्हता. तेव्हाच आम्हाला समजायला हवे होते.

आम्ही सांगितले त्यात खोटे काहीच नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक फसवे होते. संदेष्टा यहेज्केल याच्या ग्रंथाचा अठरावा अध्याय याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. बापाच्या दुष्कृत्यासाठी मुलाला दोषी धरले जाणार नाही, पाप करील तोच त्याचे फळ भोगील, असे तेथे ठामपणे सांगितले आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? प्रभू येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ख्रिस्तसभेची शिकवणही तशीच आहे. आदिपापाविषयी बोलताना १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ स्पष्ट करतो, की आदामाच्या वंशजांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः केलेले कृत्य नसून त्यांच्याकडे आलेली अवस्था आहे. ते केलेले पाप नव्हे, लागलेले पाप होय.

मग निर्गम ग्रंथात वाडवडिलांच्या अपराधाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते असे म्हटले आहे, त्याचे काय? सेमिनरीत असताना या दोन वचनांचा मेळ कसा घालावा, यावर आम्ही बरीच पाने लिहिली होती. त्या दिवशी मेस्त्रीच्या अंगणात तो मेळ डोळ्यांसमोर पडलेला दिसला. दोष वारशाने येत नाही, पण काजळी येते. आजोबांनी कुंपण सरकवले हा अपराध त्यांचा, आणि त्याचा हिशेब त्यांनी देवापाशी दिला असेल. पण अपराधी गेला म्हणून कुंपण गेले नाही. ते आपल्या जागी उभे राहिले, आणि म्हाताऱ्या बाईला रोज वळसा घ्यावा लागत राहिला. एक नळी बुजली की दुसरी भार वाहते. अन्यायाचेही तसेच आहे. तो कोणी करून संपत नाही, कोणीतरी तो रोज वाहत असते.

‘दोषी कोण?’ आणि ‘आता काम कोणाचे?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर भूतकाळात असते, दुसऱ्याचे नेहमी आजच्या माणसापाशी असते. आम्ही त्या तरुणाला पहिल्याचे उत्तर दिले आणि दुसराही प्रश्न त्यातच मिटला, असे त्याला भासवले.

वास्तविक या दुसऱ्या प्रश्नाविषयी आपल्या नीतिशास्त्राने अत्यंत काळजीपूर्वक विचार केलेला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात भरपाई या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. संत ऑगस्टीन यांनी मासेदोनियस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात असा विचार मांडला आहे, की घेतलेली वस्तू परत करणे शक्य असूनही जो ती परत करीत नाही, त्याचा पश्चात्ताप हे केवळ सोंग होय. आम्हाला सेमिनरीत एक लॅटिन सूत्र पाठ करावे लागे : रेस क्लामात आद दोमिनुम. वस्तू आपल्या धन्याला हाक मारीत असते. कोणाच्याही हाती गेली, कितीही हात बदलले, तरी तिची हाक थांबत नाही.

या विचारात कठोरपणा नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्याची वस्तू आपली समजून प्रामाणिकपणे वापरणारा मनुष्य जोवर अजाण आहे तोवर तो दोषी नाही. त्या काळात त्याने सद्भावनेने जे खाल्ले, खर्चले, त्याचा हिशेब त्याच्याकडून मागितला जात नाही. पण ज्या दिवशी त्याला खरे कळते, त्या दिवसापासून सद्भावना संपते. त्यापुढे वस्तू ठेवून घेणे हे त्याचे स्वतःचे कृत्य होते. त्या तरुणाच्या बाबतीत तो दिवस म्हणजे आजोबांची पेटी उघडली तो दिवस. चाळीस वर्षांचा बोजा त्याच्यावर नव्हता. त्या दिवसापासून पुढच्या प्रत्येक दिवसाचा मात्र होता, आणि आमच्या सल्ल्याने त्यात दोन महिन्यांची भर पडली होती.

वकिलांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबरच असणार. स्थावर मालमत्तेच्या ताब्याच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्याने बारा वर्षांची मर्यादा घातली आहे. अशा मर्यादेला अर्थ आहे. नाहीतर प्रत्येक पिढी पणजोबांचे बांध मोजत बसेल आणि कोणालाच स्वस्थपणे नांगर धरता येणार नाही. ख्रिस्तसभाही मुदतीचे तत्त्व मानते. पण ती एक अट घालते. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवले, की सद्भावना नसेल तर केवळ काळ लोटल्याने कोणाचा हक्क सिद्ध होत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतही १९८ व्या कलमात हीच अट आहे. सद्भावना आरंभी असून भागत नाही, मुदतीच्या अखेरपर्यंत ती टिकली पाहिजे. आजोबांनी जाणूनबुजून कुंपण सरकवले, म्हणजे सद्भावना आरंभापासूनच नव्हती. न्यायालय ज्या प्रश्नाची फाईल बंद करते, तो सदसद्विवेकापुढे उघडाच राहू शकतो.

वाचक म्हणतील, असे खणत गेले तर शेवट कोठे? ही शंका रास्त आहे. सगळ्या जगाची काजळी काढण्याचे काम कोणा एकाचे नाही. ज्या वस्तूचा उपभोग आपण घेतो, जिच्यातील अन्याय आपल्याला कळलेला आहे, ज्याचे नुकसान झाले तो समोर आहे आणि ज्यावर उपाय करणे आपल्या हातात आहे, तेथे आपली जबाबदारी सुरू होते. त्या चार हातांच्या पट्टीला या चारही गोष्टी लागू होत्या.

अशा प्रसंगी माणसे तीन प्रकारे चुकतात. काही जण काजळी आपली नाही म्हणून गाडी तशीच रेटत राहतात, आणि आम्हीही तोच सल्ला दिला होता. काही तरुण बॅफल साफ करण्याऐवजी तो काढूनच टाकतात. त्याने गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते, पण तिच्या आवाजाने गल्ली हादरते आणि आजारी माणसांची झोप उडते. वाडवडिलांनी चुका केल्या म्हणून त्यांचे सारेच, त्यांचे घर, त्यांचा धर्म, त्यांची रीतभात, फेकून देणारे या जातीचे. तिसरे म्हणजे सोड्याचे पाणी दिसेल तेथे ओतणारे. सत्य बोलायचे म्हणून ते मेलेल्यांची चारचौघांत अब्रू काढतात, आणि काजळीबरोबर धातूही खाऊन टाकतात. कोठे आग, कोठे सोडा आणि कोठे बांबूची काडी, हे मेस्त्रीला कळत होते. तो काजळीवर चिडलेला नव्हता. ज्याने ती केली त्याला त्याने एक शिवीही दिली नाही. त्याला गाडी चालती करायची होती.

ख्रिस्तसभेनेही आपल्या भूतकाळाच्या बाबतीत हीच वाट धरलेली आम्ही पाहिली आहे. १२ मार्च २००० रोजी, महाज्युबिली वर्षातील प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळी केलेल्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. ज्यांनी ते अपराध केले होते, ते केव्हाच मृत्यू पावले होते. पोपमहोदयांनी स्वतः त्यातले काही केले नव्हते. तेव्हा अनेकांनी विचारले, जे आम्ही केले नाही त्याची क्षमा आम्ही का मागावी? मागावी, कारण ख्रिस्तसभा एक कुटुंब आहे, आणि कुटुंबात वाडवडिलांचे पुण्य आपण हक्काने सांगतो. संतांचा वारसा आमचा, पण पाप्यांचा आमचा नव्हे, असे म्हणता येत नाही.

गाडी घेऊन आम्ही परतलो ते थेट त्या तरुणाच्या घरी. ओट्यावर बसलो आणि त्याला सांगितले, ‘‘मागे आम्ही तुला अर्धेच सांगितले. अपराध तुझा नाही, हे खरे. पण वाट मोकळी करणे आता तुझे काम आहे. आम्ही ते टाळले, कारण आम्हाला तंट्याची भीती वाटली. त्याबद्दल आम्हाला क्षमा कर.’’

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘फादर, वाट मोकळी केली तर सगळे म्हणतील, म्हातारा चोर होता. मला त्याने खांद्यावर बसवून वाढवले आहे.’’

त्याची खरी गाठ येथे होती, आणि पहिल्या भेटीत ती विचारण्याइतकाही धीर आम्ही दाखवला नव्हता. त्याला जमिनीचा मोह नव्हता. त्याला मेलेल्या माणसाची माया होती. आम्ही त्याला शुद्धिस्थानाची आठवण दिली. मृतांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, दानधर्म करतो, प्रायश्चित्त करतो, कारण आपली श्रद्धा आहे की त्यांची शुद्धी होत असताना आपले हात त्यांना लागू शकतात. आजोबांना जे करायचे राहून गेले, किंवा करण्याचे धैर्य झाले नाही, ते नातवाने करावे, याहून मोठी माया कोणती? तो नकाशा त्यांनी फाडून टाकला नाही, पेटीत जपून ठेवला. का ठेवला, हे देव जाणे. पण कोणाला तरी तो सापडावा, असे त्यांच्या मनात नव्हतेच, असे आपण कशावरून म्हणावे?

त्याने लगेच होकार दिला नाही. पावसाळा गेला. घरात आईशी, बहिणींशी बोलणी झाली, काही कडूही झाली. नोव्हेंबर महिन्यात, मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत, त्याने आजोबांच्या नावाने मिस्सा सांगितली आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी स्वतःच्या हातांनी कुंपणाचे खांब काढून चार हात मागे रोवले. गावाने काही फारशी चर्चा केली नाही. ज्या तंट्याला भिऊन आम्ही गप्प बसलो होतो, तो झालाच नाही. शेजारची म्हातारी दाराशी येऊन पाहत राहिली. म्हणाली, ‘‘हे कशाला रे पोरा? आता माझे दिवस ते किती?’’ दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती कळशी घेऊन त्या वाटेने गेली.

ही कथा येथेच संपवली असती तर वाचकांचे समाधान झाले असते. पण आमचे झाले नसते. साधारण वर्षभराने आमची गाडी पुन्हा घोगरी झाली. मेस्त्रीने पुन्हा नळ्या उतरवल्या. पहिल्याइतकी नाही, पण काजळी होतीच, आणि या वेळी दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय नव्हती. पंपावर मोजून तेल घेण्याचा आम्ही कंटाळा केला होता आणि ‘थोडे जास्त बरे’ म्हणून अंदाजाने ओतले होते. जवळच्या वाडीत चालत जाण्याऐवजी पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारल्या होत्या. म्हणजे ज्या सवयींबद्दल आधीच्या मालकाला आम्ही मनात नावे ठेवली होती, त्याच आम्ही चालवल्या होत्या. आम्ही थोडे संकोचून विचारले, तर मेस्त्री म्हणाला, ‘‘चालणाऱ्या गाडीला धरायचीच, फादर. दरवर्षी उघडत जा, म्हणजे आग लावायची वेळ येणार नाही.’’

त्यानंतर प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की राखेच्या बुधवारनंतरच्या आठवड्यात आम्ही गाडी त्याच्याकडे नेतो. नळी उघडल्यावर आत जे दिसते त्यातले आधीच्या मालकाचे किती आणि आमचे किती, हे आता त्यालाही सांगता येत नाही. तो विचारतही नाही. आम्हीही शेजारी बसून बांबूची काडी हाती घेतो.